शहरातील लहान मोटार : लाखाच्या गाडीचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वाडवडील सांगत आले. मोटारीच्या बाबतीत हे अंथरूण दुहेरी असते. एक गृहस्थाच्या मिळकतीचे आणि दुसरे त्याच्या गावातील रस्त्याचे. इंदूरचा राजवाडा, ग्वाल्हेरचा महाराजबाडा, बडोद्याची मांडवी, बेळगावचा खडेबाजार, हैदराबादेतील काचीगुडा किंवा पणजीचा मळा घ्या. येथील गल्लीबोळ पायी चालणाऱ्या माणसाच्या आणि टांग्याच्या मापाने वाढले. मोटार तेथे मागाहून आली. अशा ठिकाणी लांबरुंद गाडी घेऊन शिरणे म्हणजे हौदात गलबत सोडण्यासारखे होय. म्हणून शहरात राहणाऱ्या मध्यम मिळकतीच्या कुटुंबाला मोटार घ्यावयाची झाली, की त्याची नजर साहजिकच लहान गाडीकडे वळते.

परंतु लहान गाडी म्हणजे नेमके काय? ती लहान करताना कोठे कात्री लावली आहे, आणि ती कोठे लावावयास नको होती? या प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या माहितीपत्रकातील आकड्यांत दडलेली असतात. पण ते आकडे वाचावयास आपल्याला सहसा कोणी शिकवीत नाही. आज हे आकडे कसे वाचावेत ते आपण एका प्रसिद्ध गाडीच्या उदाहरणाने पाहू. ती गाडी म्हणजे टाटांची नॅनो. ती आता बनत नाही. परंतु हिंदुस्थानात स्वस्त मोटारीचा एवढा धाडसी प्रयोग दुसरा झाला नाही, आणि म्हणूनच तिच्यापासून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे.

प्रयोगाची परंपरा मात्र जुनी आहे. १९५७ साली इटलीत फियाट ५०० ही चिमुकली गाडी निघाली. दान्ते जाकोसा यांनी आखलेल्या या गाडीचे दोन सिलिंडरांचे ४७९ सी. सी. इंजिन पाठीमागे बसविलेले होते. १९५६ च्या सुएझ प्रकरणानंतर इंग्लंडात पेट्रोलची टंचाई भासली, आणि १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांची 'मिनी' रस्त्यावर आली. तिची लांबी अवघी दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर. इसिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवून पुढच्याच चाकांना गती दिली, आणि गाडीच्या तळापैकी सुमारे ऐंशी टक्के जागा माणसांसाठी व सामानासाठी मोकळी केली. या दोन गाड्यांनी लहान मोटारीचा एक सिद्धांतच घालून दिला : बाहेरून आखूड, आतून ऐसपैस. आपल्याकडे डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने तो सिद्धांत घरोघरी पोहोचविला. ७९६ सी. सी.चे तीन सिलिंडरांचे इंजिन असलेली ती गाडी २०१४ च्या जानेवारीपर्यंत बनत राहिली.

नॅनोची कल्पना त्याही पलीकडे गेली. स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन मुले अशी अख्खी बिऱ्हाडे पावसापाण्यात जाताना पाहून रतन टाटा यांच्या मनात आले, की या कुटुंबाला परवडेल अशी चार चाकांची सुरक्षित सवारी का असू नये? किंमत ठरली एक लाख रुपये. बहुधा वस्तू आधी बनते आणि किंमत मागून ठरते. येथे किंमत आधी ठरली आणि वस्तू तिच्यात बसवावयाची होती. हे काम गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांच्या पथकाने केले, आणि त्याचे बरेचसे संशोधन पुण्यास झाले. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली आणि २३ मार्च २००९ रोजी मुंबईत तिची रीतसर विक्री जाहीर झाली. दोन लाखांहून अधिक लोकांनी आगाऊ नोंदणी केली. पहिल्या लाखभरांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी लागली.

आता आकडे पाहू. आरंभीच्या नॅनोची लांबी ३.१ मीटर, रुंदी १.५ मीटर आणि उंची १.६५ मीटर होती. पुढच्या व मागच्या चाकांच्या आसांमधील अंतर २.२३ मीटर. या दोन लांब्यांचे गुणोत्तर काढले, तर गाडीच्या एकूण लांबीपैकी जवळजवळ पाऊण हिस्सा दोन आसांच्या मध्ये येतो. याचाच अर्थ असा, की चाके अगदी कोपऱ्यांत ढकलून बसणाऱ्यांसाठी जागा काढली आहे. उंचीही मुद्दाम राखली आहे. माणूस ताठ बसला की त्याचे पाय कमी पसरतात आणि मागच्यांच्या गुडघ्यांना जागा होते. बाहेरून मारुती ८०० पेक्षा आठ टक्के आखूड आणि आतून एकवीस टक्के ऐसपैस, असे कारखानदारांनी त्या वेळी सांगितले ते याच युक्तीच्या बळावर. उंच माणसाला डोके न वाकवता बसता येते आणि गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना चढउतार सोपी जाते, हा या उंचीचा दुसरा लाभ.

शहरी माणसाने लांबीच्या खालोखाल पाहावा तो आकडा वळणाच्या त्रिज्येचा. नॅनोची ही त्रिज्या चार मीटर होती. म्हणजे सुमारे आठ मीटर रुंदीच्या रस्त्यात, गाडी मागेपुढे न करता, ती एका दमात उलट फिरू शकते. दुसरा आकडा जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतच्या अंतराचा. तो १८० मिलिमीटर होता. आपल्या शहरांतील गतिरोधक कोणत्या मापाने बांधतात हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. त्यामुळे पोट न घासता पलीकडे जाणे हा इकडच्या गाडीचा मोठाच गुण मानला पाहिजे.

इंजिन ६२४ सी. सी.चे, दोन सिलिंडरांचे, आणि त्याची शक्ती आरंभी ३५ अश्वांची होती. ते मागच्या आसनाखाली बसविलेले असून मागच्याच चाकांना फिरवीत असे. यातून तीन गोष्टी साधल्या. शक्ती पुढून मागे नेणारा लांब दांडा लागला नाही. पुढचा भाग आखूड करता आला. आणि पुढच्या चाकांवरचा भार कमी झाल्याने यंत्राच्या साहाय्याविनाही सुकाणू हलके राहिले. भार मागे जास्त, म्हणून मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद होते. दोन सिलिंडरांचे इंजिन स्वभावतःच थरथरते. ती थरथर मारण्यासाठी आत एक तोल सांभाळणारा दांडा घातला होता. तरीही इंजिनाची घरघर आणि ऊब मागे बसणाऱ्यास जाणवे.

पस्तीस अश्वशक्ती पुरी पडते काय? याचे उत्तर गाडीच्या वजनाशी लावून पाहिले पाहिजे. सर्वांत साध्या नॅनोचे वजन सुमारे ६०० किलो होते. सरासरी सत्तर किलोची चार माणसे बसली, तर २८० किलोंची भर पडते. म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्म्याजवळ ओझे. एकटा माणूस ऑफिसला जातो तेव्हा चपळ वाटणारी हीच गाडी, चौघांना घेऊन उड्डाणपुलाचा चढ चढताना खालच्या गिअरची मागणी करते, ती याच कारणाने. मोठ्या आणि जड गाडीत चार माणसांचा भार असा जाणवत नाही. म्हणून लहान गाडी घेण्यापूर्वी ती एकट्याने चालवून पाहू नये. घरची मंडळी बरोबर घ्यावीत, आणि रस्ताही चढाचा निवडावा.

पेट्रोलचा हिशेब मात्र या हलकेपणामुळे सुखावणारा होता. ज्याला आपण बोलीत 'ॲव्हरेज' म्हणतो, ते प्रमाणित चाचणीत लिटरला २३.६ किलोमीटर भरले. शहरात दर चौकाला थांबावे लागते, आणि थांबलेले वजन पुन्हा हलविण्यातच पेट्रोलचा मोठा भाग खर्च होतो. वजन जितके कमी तितका हा खर्च कमी. टाकी मात्र पंधरा लिटरांचीच होती, आणि पेट्रोल भरण्यासाठी पुढचे बॉनेट उघडावे लागे. पूर्ण टाकीत साडेतीनशे किलोमीटर होतात, पण ते चाचणीच्या हिशेबाने. गावातल्या वाहतुकीत तितके होत नाहीत.

आता कात्रीचा विचार करू. कारण स्वस्त वस्तूची खरी परीक्षा तिच्यात काय आहे यावरून जितकी होते, तितकीच काय गाळले आहे यावरून होते. नॅनोत जे गाळले गेले, त्याचे मी तीन वर्ग करीन.

पहिला वर्ग निरुपद्रवी काटकसरीचा. प्रत्येक चाकाला चारऐवजी तीन नट, समोरच्या काचेवर दोनऐवजी एकच वायपर. हलक्या गाडीला तीन नट पुरतात. अरुंद काचेला एक वायपर पुरतो. यात कोणाचे काही बिघडले नाही. उलट, आवश्यक काय आणि केवळ वहिवाटीचे काय, हे ओळखण्याची ही विवेकबुद्धी आपल्या अभियंत्यांना शोभणारी होती.

दुसरा वर्ग गैरसोयीचा. मागच्या बाजूचे दार वर उघडते अशा गाडीला हॅचबॅक म्हणतात. नॅनोचा आकार हुबेहूब तसा. परंतु पहिली काही वर्षे तिचे हे मागचे दार उघडतच नसे! सामान ठेवावयाचे तर मागचे आसन पाडून आतूनच ठेवावे लागे. भाजीच्या दोन पिशव्यांना हे चालते. पण माहेरपणाला निघालेल्या लेकीच्या बॅगांना चालत नाही. साध्या नमुन्यात वातानुकूलन नव्हते, आणि बाजूचा आरसा एकच होता. उघडणारे दार २०१५ सालच्या सुधारित नॅनोत आले. त्याच वेळी क्लचविना चालणाऱ्या आपोआप गिअरांचीही सोय झाली. सहा वर्षे उशिरा का होईना, पण गिऱ्हाइकाचे म्हणणे ऐकले गेले.

तिसरा वर्ग मात्र गंभीर आहे, आणि या भाषणाचे मर्मही तेथेच आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने हिंदुस्थानात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्यांच्या आघातचाचण्यांचे निकाल प्रसिद्ध केले. ताशी ६४ किलोमीटर वेगाने गाडी अडथळ्यावर आदळवून आतील पुतळ्यांना किती इजा होते, हे या चाचणीत मोजतात. प्रौढांच्या संरक्षणासाठी नॅनोला एकही तारा मिळाला नाही. तिला एकटीलाच दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. त्या खेपेस तपासलेल्या पाचही गाड्यांच्या साध्या नमुन्यांची तीच गत झाली, आणि त्यांत परदेशी नाममुद्रेच्या गाड्याही होत्या. परंतु नॅनोसह तीन गाड्यांविषयी संस्थेने असेही म्हटले, की त्यांचा सांगाडाच इतका दुबळा ठरला की एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता.

यावर एक युक्तिवाद केला जाई आणि तो अगदीच पोकळ नाही. ज्या कुटुंबासाठी ही गाडी होती, ते कुटुंब आधी स्कूटरवर जात होते. स्कूटरला सांगाडा नाही, छप्पर नाही, पट्टा नाही. तिच्यापेक्षा नॅनो सुरक्षित नव्हती काय? शहराच्या मंद वाहतुकीत ती निश्चितच बरी होती. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३२ किलोमीटरचा वेग दुप्पट होऊन ६४ झाला, की आघात चौपट होतो. म्हणजे बाजारपेठेतून तीसच्या वेगाने जाणारी नॅनो आणि हमरस्त्यावर नव्वदच्या वेगाने ट्रकांच्या रांगेत धावणारी नॅनो, या दोन निरनिराळ्या वस्तू समजल्या पाहिजेत. अडचण एवढीच, की गाडी घेणारा माणूस ती गल्लीतच ठेवीत नाही. एकदा चार चाके दारात आली, की बेळगावहून कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आणि इंदूरहून उज्जैनला महाकालाला जाण्याची इच्छा होणारच, आणि ती होण्यात गैर काही नाही. गाडीची चाल ताशी १०५ किलोमीटरपर्यंत जात होती. पण वाहन जितक्या वेगाने जाऊ शकते, तितक्या वेगाने आदळल्यास ते आपल्याला वाचवीलच, असे मुळीच नाही. हा भेद गिऱ्हाइकाला कोणीतरी स्पष्ट सांगावयास हवा होता.

नॅनोच्या अपयशाची कारणे पुष्कळांनी दिली आहेत. सिंगूर येथील जमिनीच्या वादामुळे ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना बंगालमधून हलवावा लागला, आणि जून २०१० मध्ये तो अहमदाबादजवळ साणंदला सुरू झाला. तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या, आणि २०१० च्या अखेरीस कारखानदारांनी जादा संरक्षक भाग विनामूल्य बसवून देण्याची तयारी दाखविली. वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्याची ताकद असलेल्या कारखान्याची विक्री उत्तम वर्षीही पाऊण लाखाच्या पलीकडे गेली नाही. परंतु एक कारण मनुष्यस्वभावाचे आहे. 'जगातील सर्वांत स्वस्त मोटार' ही जाहिरातच गाडीला नडली, असे पुढे खुद्द रतन टाटा यांनीही बोलून दाखविले. आपला मध्यमवर्गीय माणूस काटकसरी असतो, पण ती काटकसर त्याला दारावर पाटी लावून मिरवावयाची नसते. आयुष्यातली पहिली मोटार घेताना त्याला चारचौघांत मान हवा असतो, आणि लाखाची गाडी म्हटले की शेजारी गाडी पाहण्याआधी किंमत पाहतो. अखेर नवे सुरक्षानियम आणि १ एप्रिल २०२० पासून लागू व्हावयाचे बी. एस. ६ हे धुराचे कडक निकष समोर उभे राहिले. त्यांच्यासाठी नवा खर्च करण्याइतकी मागणी उरली नव्हती, आणि २०१८ च्या सुमारास नॅनोचे उत्पादन थांबल्यातच जमा झाले.

त्याच साणंदच्या कारखान्यातून पुढे टियागो ही हॅचबॅक गाडी निघू लागली. २०१६ साली आलेल्या या गाडीशी तुलना केली, म्हणजे काय मिळाले आणि काय द्यावे लागले ते उमजते. टियागोची लांबी ३.७५ मीटरच्या आसपास, वजन सुमारे एक टन, इंजिन तीन सिलिंडरांचे ११९९ सी. सी.चे, आणि शक्ती ८५ अश्वांची. डिकीत २४२ लिटर सामान मावते. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या संरक्षणासाठी तिला चार तारे मिळाले. मात्र वळणाची त्रिज्या चारवरून ४.९ मीटरवर गेली. म्हणजे जेथे नॅनो आठ मीटरांत फिरत होती, तेथे हिला जवळजवळ दहा मीटर लागतात. आणि लाखाची किंमत तर इतिहासजमाच झाली. बळकट सांगाडा, एअरबॅगा आणि चाके जाम होऊ न देणारे ब्रेक यांना वजन असते आणि पैसा लागतो. पण हा पैसा डामडौलाचा नव्हे. तो विम्याच्या हप्त्यासारखा समजावा.

सुदैवाने यांतील काही गोष्टी आता गिऱ्हाइकाच्या मर्जीवर राहिलेल्या नाहीत. चालकासमोरील एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि शेजारच्या आसनासाठी ती २०२१ मध्ये सक्तीची झाली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची ताऱ्यांची पद्धत सुरू झाली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० सी. सी.पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरील जी. एस. टी. सप्टेंबर २०२५ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. लहान गाडी घेणाऱ्याला एवढा दिलासा पूर्वी क्वचितच मिळाला असेल.

तेव्हा श्रोतेहो, विक्रेत्याकडे जाताना एक चिठ्ठी बरोबर न्यावी. तिच्यावर प्रथम ताऱ्यांची संख्या लिहावी आणि ते तारे आपण घेणार त्याच नमुन्याचे आहेत ना, हे विचारावे. मग एअरबॅगा किती आणि मागच्या आसनाला पट्टे कसे, हे पाहावे. त्यानंतर वळणाची त्रिज्या, पोटाखालचे अंतर, डिकी आणि टाकी. 'ॲव्हरेज' सर्वांत शेवटी. कारण लिटरमागे एकदोन किलोमीटरचा फरक महिन्याच्या हिशेबात जेवढा वाटतो तेवढा मोठा नसतो. गाणी ऐकविणारा रंगीत पडदा या चिठ्ठीत नसला तरी चालेल.

आणि जुन्या बाजारात अजूनही दिसणारी नॅनो घ्यावी काय, असे कोणी विचारील. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती नव्याने करावी लागते. २०१० सालच्या गाड्यांची ही मुदत २०२५ मध्ये भरली. म्हणून कागद प्रथम पाहावेत. ते ठीक असतील, इंजिनाची घरघर आपल्या कानाला सोसत असेल आणि गाडी गावातल्या गावात, बाजारहाट आणि शाळेपुरती, बेताच्या वेगाने चालवावयाची असेल, तर तिच्या आखूड लांबीचा आणि झटकन वळण्याचा उपयोग आजही होईल. हमरस्त्यावरच्या प्रवासासाठी मात्र मुलाबाळांना घेऊन तिच्यात बसू नये. त्या दिवशी एस. टी.चे किंवा रेल्वेचे तिकीट काढावे. हिशेबातही ते बहुधा स्वस्तच पडते.